रीत अन् ताळा

गावातल्या बाया म्हणतात, यशोधरानं सत्यभामाच्या लेकीचं लेकरू घालवलं. सत्यभामा म्हणजे मी. माझ्या तोंडावर कुणी म्हणत न्हाई, मी आले की गप होतात. पण चौदा वर्षं आशाताई म्हणून ह्याच बायांच्या उंबऱ्यावर बसलेय, कोण कावून गप झालं ते मला न सांगता कळतं. म्हणून यशोधरा कोण हाय अन् तिनं काय केलं, ते मी सांगते. मधी बोलू नका, मला तोडलं की माझी तार तुटते.

यशोधरा ओव्हाळ आमची गटप्रवर्तक. म्हणजे नांदूरघाट भागातल्या पंचवीस आशांवर देखरेख करणारी. स्कुटीवर हिंडायची, डबा दुपारी तीनला खायची, तोबी उभ्यानं. डीएड झालेली बाई. मास्तरकी काई लागली न्हाई, तवा विहारात दहा वर्षं गणिताची शिकवणी घेतली. माझी सुकन्या तिच्याकडंच शिकली. तिच्या शिकवणीत मार नव्हता, पण उत्तर बरोबर अन् रीत न्हाई तर शून्य मार्क. रीत बरोबर अन् शेवटी ताळा करून बघितला न्हाई तर अर्धे. सुकन्या घरी येऊन चिडचिड करायची, म्हणायची उत्तर आलं की बास न्हाई का. मीबी तेच म्हणायचे. आमाला काय, आमी बोटावर मोजणारी माणसं.

दसरा झाला की आमचं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. कुणी कर्नाटकात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळं पोटुशी असली तरी बाई मागं राहत न्हाई. तिकडं फडात ना आशा, ना नर्स. म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं दोन वर्षांखाली मुकादमांच्या मोबाईलमधी एक बोलणारं यंत्र घालून दिलं. आमी त्याला ताईचा फोन म्हणायचो. मराठीत इचारायचं, मराठीत सांगायचं. रेंज नसली तरी चालायचं, कारण सगळं फोनमधीच भरलेलं. आमाला वाटलं, चला, कुणीतरी सोबत जातंय बायांच्या.

पयल्याच वर्षी दिपालीचं झालं. गल्लीतलीच पोरगी, वीस वर्षांची. फडावर कळा सुरू झाल्या. तिच्या नवऱ्यानं फोनला सांगितलं, नववा लागलाय, कुठं नेऊ. आता तुमीच सांगा, नववा लागला म्हणजे काय? नववा सुरू झाला. आठ झाले, नऊ न्हाई झाले. हे आपल्या शाळेतल्या पोरीलाबी कळतं. पण त्या यंत्रानं धरलं की नऊ पुरे झाले. म्हणालं, दिवस भरलेत, काळजी नको, जवळच्या केंद्रात न्या. जवळच्या केंद्रात कवळं लेकरू उबेत ठेवायची सोय नव्हती. दोन दिवस जगलं. दिपाली आजबी माझ्याशी नीट बोलत न्हाई, अन् तिचं काई चूक न्हाई.

यशोधरा त्या दिवसापासून बदलली. तिनं संस्थेत फोन लावला. तिथं संस्कृती म्हणून एक इंजिनेर मॅडम होत्या, चांगल्या होत्या, ऐकून घेतलं, रडल्याबी. पण म्हणाल्या, ह्याला नव्यानं शिकवायचं म्हणजे मोठमोठी मशिनं महिनोन्महिने भाड्यानं घ्यावी लागतात, एवढा खर्च आमाला कुणी देत न्हाई. ते जे शिकलंय ते शिकलंय. फक्त सुरुवातीला त्याला सूचना देण्याची एक जागा हाय, दीड हजार अक्षरांची. प्रत्येक येळी उत्तर द्यायच्या आधी ते ती वाचतं. तिथं तुमाला काय लिहायचं ते लिहा.

दीड हजार अक्षरं. माझं साधं अहवालाचं पान त्याहून मोठं असतं. मी म्हणलं, ताई, एवढ्याशा कागदावर काय डोकं सुधारणार हाय त्याचं. ती म्हणाली, डोकं नाही सुधारायचं, सवय सुधारायची. पोरांचं तरी मी काय करायचे?

तिनं जुन्या रजिस्टरातून पन्नास बाळंतपणं काढली. बाईनं काय सांगितलं होतं अन् खरं काय निघालं, दोन्ही माहीत असलेली. प्रत्येक बाईचं बोलणं जसंच्या तसं फोनला सांगायची अन् उत्तर वहीत उतरवायची. पयल्या दिवशी पन्नासात एकोणीस चुकली. एकोणीस बाया. ती वही बंद करून बसली, मी चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

मग तिनं त्या जागेत पयली ओळ लिहिली: आधी रीत लिही, मग उत्तर दे. एवढंच. अन् काय सांगू, चुका नऊवर आल्या. तेच यंत्र, कुणी काई शिकवलं न्हाई त्याला, पण पायरी पायरीनं लिहायला लावलं की त्याला आपोआप दिसायचं, लागला म्हणजे सुरू झाला, एक कमी करू. आधी घाईत भकाभका उत्तर द्यायचं, आता थांबून द्यायला लागलं. मग तिनं एक उदाहरण सोडवून घातलं, दिपालीचंच, नाव न घालता. सहावर आलं. मग संस्कृती मॅडमनं सुचवलं की एकच प्रश्न त्याला पाच वेळा सोडवायला लावा अन् जे उत्तर जास्तीदा येतं ते धरा. चारवर आलं. उत्तराला दोन मिनिटं लागायला लागली. गहिनीनाथ मुकादम म्हणला, एवढा येळ कुणाला हाय बे. त्याला मी असं झापलं की तो पुन्हा त्या विषयावर बोलला न्हाई.

ह्याच सुमाराला सुकन्याला दिवस गेले. पाडवा झाल्यावर दोन-तीन दिवसांनी डोक्यावरून न्हाली, ती शेवटची पाळी. हिशेब केला तर डिसेंबरात, ऐन तोडीत. मी जावयाला हात जोडले, पोरीला ठेवा माझ्याकडं. तो वाईट माणूस न्हाई, पप्पू, पण त्याचा कोयता मुकादमाच्या यादीत लागलेला. म्हणाला, आत्या, एकट्यानं कोयता चालत न्हाई. झालं. माझी लेक जाणार हे ठरलं, अन् तिच्या सोबतीला तो फोन.

त्या दिवसापासून मी यशोधराचा जीव खाल्ला. खोटं कशाला बोलू. रोज जायचे, म्हणायचे, चार कावून चुकतात अजून? त्या चारात माझी सुकन्या असली तर? ती बिचारी दिवसभर गावं हिंडून यायची अन् संध्याकाळी परत वही उघडून बसायची. डोळे खोल गेले. तिच्या नवऱ्यानं मला एकदा दारात अडवलं, म्हणाला, वहिनी, हिला जेवू तरी द्या. मी म्हणलं, जेवेल, माझी पोरगी बाळंत झाली की.

उरलेल्या चारचं कारण तिला सापडलं. बाईचंच मोजणं चुकलेलं असलं तर रीत कितीबी चांगली लिहा, उत्तर चुकणारच. म्हणजे ताळा पायजे. तिनं मला इचारलं, बाया पाळीची तारीख कशावरून सांगतात? मी म्हणलं, सणावरून. पोळ्याच्या आधी, नागपंचमीच्या मागून, असं. ती म्हणाली, मग यंत्रानं बाईला जवळचा सण इचारावा, तिथून आजपर्यंत महिने मोजावे, अन् बाईच्या आकड्याशी जुळवावे. जुळलं तर बरोबर.

पण त्यासाठी कोणता सण कोणत्या महिन्यात अन् महिने कसे एकामागं एक येतात, ह्याची यादी लिहावी लागणार होती. यशोधराच्या घरी छप्पन्न सालापासून पंचांग न्हाई. तिला जयंतीची तारीख, बुद्धपौर्णिमा, सहा डिसेंबर, हे पाठ. आमचे सण तिला माहीत होते, पण महिन्यांचा क्रम तिनं मला इचारला. मी बोटं मोडत सांगितला. चैत, वैशाख, जेठ, आखाड, श्रावण, भादवा, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, सगळे. तिनं एक एक लिहिला. मग पेन थांबवून म्हणाली, सत्यभामाबाई, ह्यात काई राहिलं का? मी म्हणलं, बाराच महिने असतात, अजून काय राहणार.

एक गोष्ट उरली. ताळा जुळला न्हाई तर काय करायचं. यशोधरा म्हणाली, तसं झालं तर आपल्याला फोन करायला सांगू. मी म्हणलं, फडात रेंज नसती, अन् तवर पोरगी कळा खात बसेल का? कमी आकडा धरायला सांग. दिपालीच्या बाबतीत जास्त धरलं म्हणून लेकरू गेलं. कमी धरलं तर मोठ्या दवाखान्यात पाठवील, पाठवू दे. ती जरा घुटमळली. मी म्हणलं, माझ्या पोरीसाठी सांगते. तिनं लिहिलं.

पन्नासात पन्नास आले. तिनं तीनदा तपासलं, तिन्ही येळा पन्नास. मी तिला मिठी मारली अन् दोघी रडलो. सुकन्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरात बसून गेली. जाताना तिनं मला सांगितलं, आई, काळजी करू नको, मावशीनं फोन शिकवलाय. यशोधराला ती मावशी म्हणायची.

मार्गशीर्षातला रविवार होता. दुपारी बाराला गहिनीनाथाचा फोन आला. नीट बोलत नव्हता. सुकन्या जगली, म्हणाला. जगली म्हणल्यावर मला कळलं की दुसरं कोण जगलं न्हाई. फडापासून तीन किलोमीटरवर बाळंतपणाचा दवाखाना होता, चांगला, डॉक्टरीण राहणारी. तिथं न नेता टेम्पोत घालून सत्तर किलोमीटरवरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले होते. अर्ध्या वाटेत लेकरू यायला लागलं. खांदा अडकला. टेम्पोत दोन तोडणीवाल्या बाया होत्या, त्यांनी जमेल तेवढं केलं. पोरगी होती. नंतर वजन केलं तर पावणेतीन किलो. भरलेलं लेकरू, जवळच्या दवाखान्यात सहज सुटलं असतं, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. सुकन्याचं रक्त लई गेलं, दोन बाटल्या चढवल्या.

मी लेकीकडं जायला निघणार तेवढ्यात यशोधरा आली. गहिनीनाथानं फोनमधलं सगळं बोलणं तिला पाठवलं होतं. ती माझ्या अंगणात बसली अन् मोठ्यानं वाचायला लागली. मी म्हणलं, आता काय वाचतीस, बंद कर. पण ती थांबली न्हाई, चूक शोधणारा माणूस जसा वाचतो तशी वाचत राहिली.

रीत लई देखणी होती. पायरी एक, बाई म्हणते नऊ भरले. पायरी दोन, सण पाडवा, महिना चैत. पायरी तीन, यादीप्रमाणे मोजू. चैत ते वैशाख एक, वैशाख ते जेठ दोन, जेठ ते आखाड तीन. असं करत मार्गशीर्षापर्यंत आठ. ताळा जुळत न्हाई. बाईला पुन्हा मोजायला सांगू. बाई पुन्हा नऊ म्हणते. सूचनेप्रमाणे कमी आकडा धरू. आठ. लेकरू कवळं असू शकतं, जवळ थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. पाच वेळा सोडवलं होतं त्यानं. पाचही येळा आठ.

यशोधरा म्हणाली, सगळं बरोबर हाय, मग चुकलं कुठं. अन् तिथं मला आठवलं. जेठ या वर्षी दोनदा आलता. धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांतून एकदा जास्तीचा महिना येतो, लेक-जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे करून घालतात. सुकन्या अन् पप्पू माझ्या घरी आलते. मी स्वतःच्या हातानं जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे मोजून ठेवले. सुकन्याला तवा तिसरा लागलेला, वास सहन होत न्हाई म्हणून ती ओसरीवर बसली होती. एवढं सगळं केलं मी त्या महिन्यात, अन् यादी सांगताना तो महिना माझ्या तोंडून निघाला न्हाई. बाराच असतात म्हणाले मी.

यशोधराच्या पन्नास बायांत धोंड्याच्या वर्षातली एकबी नव्हती. मागल्या धोंड्याच्या वर्षाची रजिस्टरं तीन वर्षांखालीच तालुक्याला जमा झालेली. म्हणून पन्नासात पन्नास आले. सुकन्यानं अमावास्या मोजलेल्या, दिसेल ती अमावास्या, त्यामुळं तिचं मोजणं बरोबर. माझं चूक.

मी यशोधराला सांगितलं. दोनच शब्द निघाले, धोंडा राहिला. तिला आधी कळलंच न्हाई. मग कळलं. मला वाटलं ही आता मला बोलेल, मारेल. मारायलाच पायजे होतं. तिनं फोन काढला अन् मुकादमांची यादी उघडली. म्हणाली, अकरा बाया अजून फडावर हायत. त्या अंगणात बसून तिनं एकेकाला फोन लावले, त्या सणाचा प्रश्न ऐकू नका, बाई सांगेल तेच धरा, असं सांगत. नऊजण लागले. दोघांचे लागले न्हाईत. मी लेकीकडं निघाले तवाबी ती त्या दोघांचेच नंबर फिरवत होती, अन् तिसऱ्या दिवशी आले तवाबी. चौथ्या दिवशी त्यातला एक लागला. दुसऱ्याच्या टोळीतली बाई तोवर बाळंत झाली होती, देवाच्या दयेनं ठीक.

सुकन्याला मी घरी आणली. पंधरा दिवस ती भिंतीकडं तोंड करून झोपायची. दूध यायचं, कपडा बांधून ठेवायची. ते बघवत न्हाई हो. आई म्हणून मी शंभरदा ठरवलं, आता सांगते, आता सांगते. भाकरी वाढताना ठरवायचे, अन् तिचं तोंड बघितलं की दुसरंच काई बोलायचे. तोवर गावात यशोधराचं नाव झालं होतं. ती फोनवाली. आपलं पंचांग जिला माहीत न्हाई ती आपल्या बायांचे महिने मोजाया निघाली, असंबी बोलले लोक. आमच्या जातीतले शहाणे. मी तिथंच उभी होते, डोक्यावर घागर घेऊन, अन् पुढं चालू लागले.

सोळाव्या दिवशी यशोधरा भेटायला आली. रिकाम्या हातानं. सुकन्या पयल्यांदाच उठून बसली. मी चहा टाकला अन् दाराशी बसले. मग सुकन्याच बोलायला लागली, हळू, कुणाला दोष न देता, जसं झालं तसं.

"मी त्याला दोनदा सांगितलं, मावशी, नऊ भरले. ते म्हणलं, घाई करू नको, पुन्हा मोज, ताळा जुळत नाही. अगदी तुझ्या शिकवणीतलं बोलणं. मला वाटलं तूच बोलतीयस. म्हणलं, असंल माझंच चुकलं. मग मी नऊ म्हणायचं सोडून दिलं."

यशोधरानं हातातला कप खाली ठेवला.

सुकन्यानं इचारलं, "जेठ दोनदा आलता, हे तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

यशोधरानं माझ्याकडं बघितलं. किती येळ बघितलं ते मला सांगता येणार न्हाई. माझी लेक माझ्याच घरी राहणार होती, माझ्याच हातचं खाणार होती, हे सगळं तिनं बघितलं असावं.

"नाही," ती म्हणाली. "मी कुणाला विचारलंच नाही."

सुकन्या म्हणाली, मग तू आता आमच्या घरी येऊ नकोस. आवाज चढवला न्हाई तिनं. यशोधरा उठली, पदर सारखा केला, चपला घातल्या. स्कुटीची किल्ली शोधायला तिला जरा येळ लागला. मी दाराशीच बसले होते, तिला वाट द्यायला पाय आखडून घेतले.